चार चाकांची जबानी

जुन्या गाडीत एबीएसचा पिवळा दिवा लागून राहिला की यवतमाळात त्यावर तीन इलाज सांगतात, आणि तिन्हींत चाकाला हात लावावा लागत नाही. पहिला इलाज काळ्या चिकटपट्टीचा. इलेक्ट्रिकच्या दुकानातून गुंडाळी आणायची, नखाएवढा तुकडा दिव्यावर डकवायचा, रोग बरा. दुसरा इलाज जाणकारांचा. मीटर खोलून बल्बच काढून घ्यायचा. गाडी विकायची असेल तर याचीच सुधारित आवृत्ती आहे: एबीएसच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून द्यायची. चावी फिरवली की दोघं सोबत लागतात, इंजिन सुरू झालं की सोबत विझतात आणि गिऱ्हाईक समाधानानं मान डोलावतं. (जुनी गाडी पाहायला गेलात तर एवढं करा. चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. एबीएसचा खरा दिवा दोन-चार सेकंदांत आपला आपण विझतो, ऑइलचा विझत नाही. दोघंही जोडीनं बसून राहिले तर मागच्या मागे कोणीतरी त्यांचं लग्न लावून दिलेलं आहे.)

तिसरा इलाज तत्त्वज्ञानाचा. "ब्रेक लागते ना? मंग कायले डोक्सं खराब करतं!"

आता यातली पंचाईत अशी की तिसरा इलाज निम्मा खरा आहे. पिवळा दिवा लागला तरी पायाचा ब्रेक लागतोच. गाडी फक्त १९७७ सालात जाते. बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. त्याआधी मोटारींचं जवळजवळ सगळं जग असल्याच ब्रेकवर थांबत होतं, आणि बरेचदा समोरच्या झाडाच्या मदतीनं थांबत होतं. आपल्याकडे नव्या मॉडेलांना एबीएस सक्तीची झाली ती एप्रिल २०१८ पासून, आणि आधीपासून बनत असलेल्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर मात्र तत्त्वज्ञान आवरतं घ्यावं आणि गाडी बाजूला लावावी. लाल दिवा वाद घालण्यासाठी नसतो.

आमची गाडी सक्तीच्या बरीच आधीची. पुण्यात कोणीतरी हौसेनं वरचं मॉडेल घेतलं, हौस फिटली, आणि हस्ते-परहस्ते एमएच १२ ची पाटी मिरवत ती एमएच २९ मध्ये नांदायला आली. पुण्याची असूनही चूक नेमकी कोणाची हे ती सांगत नाही, नुसता दिवा लावून बसते. यावरून मधली काही वर्षं तिनं विदर्भात काढली असावीत.

एबीएसचा सगळा कारभार चार साक्षीदारांवर चालतो. प्रत्येक चाकाच्या आत एक दातेरी कडी असते आणि तिच्यापासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर एक सेन्सर बसवलेला असतो. जुन्या गाडीतल्या सेन्सरात असतं काय, तर एक चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. समोरून दात गेला, खाच गेली, दात गेला, खाच गेली, की चुंबकाचा प्रभाव कमीजास्त होतो आणि तारेत वीज उठते. फॅरेडेनं १८३१ मध्ये शोधून ठेवलेलं हे तत्त्व. सायकलचा डायनॅमोही त्यावरच चालायचा. कडीला ४८ दात आणि चाकाचा परीघ १.८ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला एकेक सेन्सर सेकंदाला साडेचारशेच्या आसपास ठोके देतो. चार चाकांचे ठोके कंप्युटर एकमेकांशी ताडून पाहतो. ब्रेक दाबल्यावर तीन चाकं फिरत असताना चौथं एकदम गप्प झालं, तर ते घसरायला लागलं हे ओळखून तेवढ्याच चाकाचा ब्रेक तो क्षणभर सैल करतो, पुन्हा दाबतो, पुन्हा सैल करतो. पण चौघांतला एक साक्षीदार मुळातच बोलेनासा झाला, तर कंप्युटर संशयाचा फायदा कोणालाच देत नाही. खटला काढून टाकतो आणि दिवा लावतो.

तसं पाहिलं तर चाकाचा वेग मोजणं आमच्या भागाला नवं नाही. शंकरपटात बैलजोडी सुटली की इकडे सेकंदाचे तुकडे मोजले जातात आणि त्या तुकड्यांवरून दोन गावांत पुढच्या पटापर्यंत बोलणं बंद राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा परवानगी दिली; मधल्या काळात आमच्याकडे चाकाचा वेग मन लावून मोजणारे बहुधा हे सेन्सरच उरले होते. उलट मूर्तिजापूरला जाणारी आमची शकुंतला रेल्वे १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली, तिच्यात बसणाऱ्यांनी वेग कधी विचारला नाही. एकाच जिल्ह्याला वेगाची दोन्ही टोकं माहीत. मधलं काही असलं की मात्र दिवा लागतो.

आमच्या गाडीचा दिवा वाट्टेल तिथं लागत नसे. सकाळी चावी फिरवली की रीतसर लागून रीतसर विझायचा. गाडी सरळ रस्त्यानं कुठंही न्या, गप्प. कळंबपर्यंत जाऊन चिंतामणीचं दर्शन घेऊन परत या, गप्प. पण कॉलनीत शिरताना उजवीकडे जे आखूड वळण आहे, तिथं स्टिअरिंग पूर्ण मारलं की टिंग! पिवळा. मग गाडी बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत तो हलायचा नाही.

याची चर्चा झाली. गाडीचं बॉनेट उघडलं की पाच माणसं जमतात हा निसर्गनियम आहे. बंद असलं तरी तीन जमतात. एक म्हणाला बॅटरी. हे अगदीच वेडं नव्हतं, कारण बॅटरी मरायला टेकली की एबीएसचा कंप्युटरही दिवा लावून देतो. पण आमची बॅटरी तरुण होती, आणि मेलेली बॅटरी फक्त उजव्या वळणावर मरत नाही. दुसरा म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी. हा गृहस्थ पंख्याचा कंडेन्सर गेला तरी पेट्रोलमध्ये पाणी म्हणतो. तिसरे आमच्या शेजारचे काकाजी. जिनिंगमध्ये फिटर म्हणून उभा जन्म काढलेले, आता निवृत्त. त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही. वळणाकडे पाहिलं.

"त्या जागेवर पयले चिचीचं झाड होतं," ते म्हणाले. "प्लॉट पाडतानी तोडलं."

"मग?"

"मंग काय मंग. दिवा दुसरीकडे काहून नाई लागत?"

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. निरीक्षण बिनचूक होतं, फक्त निदानात झाड होतं.

आधी स्कॅनर लावून पाहिला. हल्ली मोबाइलला जोडणारे बोटभर लांबीचे स्कॅनर मिळतात. डॅशबोर्डखाली खोचायचे आणि मोबाइलवर गाडीची कुंडली वाचायची. त्यानं बराच वेळ चक्र फिरवलं आणि हिरव्या अक्षरांत कळवलं की काहीही बिघाड नाही. समोर पिवळा दिवा ढळढळीत पेटलेला. यात स्कॅनर खोटारडा नसतो. तो फक्त आपल्या खात्यापुरतं बोलतो. स्वस्तातले बहुतेक स्कॅनर इंजिनाचे कोड वाचतात, आणि ब्रेक हे दुसरं खातं. एबीएसचे कोड वाचणारा चांगला स्कॅनर असता तर सी ००३५ म्हणजे पुढचं डावं, सी ००४० म्हणजे पुढचं उजवं, अशी सरळ बोट दाखवून साक्ष मिळाली असती. किंवा कोणाला शेजारी बसवून हळू गाडी चालवत चारही चाकांचे आकडे पडद्यावर पाहता आले असते: तिघं वीस म्हणतायत, चौथा शून्य म्हणतोय, धरा त्याला. ते नसेल तर चाकं उचलायची आणि एकेकाची जबानी घ्यायची.

मे महिन्यात यवतमाळात हे काम सकाळी आठच्या आत उरकावं लागतं. नंतर पाना हातात धरता येत नाही आणि डोकंही. आमच्या घरापुढे सिमेंटचा तुकडा संपला की काळी माती. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि सेन्सरचा बोल्ट बहुधा दहाच्या पान्याचा असतो. आमचा दहाचा पाना पहिल्याच सकाळी त्यातल्या एका भेगेत गेला. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड आहे असं भूगोलात वाचलं होतं; त्यातला काही साठा विदर्भातल्या गॅरेजांनी पुरवला असावा. पावसाळ्यात हीच माती जॅक गिळते, म्हणून जॅकखाली जाड फळी घ्यावी. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली मुंडकं कधीही घालू नये. स्टँड नसतील तर आणावेत, वर आणखी स्टेपनीही आत सरकवून ठेवावी. मागच्या चाकांना दगड लावले, नट आईच्या जुन्या गंजात ठेवले. "त्यात मी उद्या वरण शिजवीन तेव्हा नट निघाला तर बघ," असा इशारा आतून आला.

काकाजी खुर्ची घेऊनच आले.

"पंक्चर हाय का?"

"नाही काकाजी, सेन्सर तपासतो. चाक किती जोरात फिरतं ते सांगणारा असतो."

"थे तं म्या सांगतो. फिरव."

मी चाक फिरवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग उठून चाक वर-खाली धरून गचागचा हलवलं. "बेरिंग सलामत हाय," म्हणाले. यात त्यांचा अधिकार होता. जिनिंगमध्ये बेरिंगवर पेचकस टेकवून दुसरं टोक कानाला लावून मशीनचं दुखणं ओळखणाऱ्या पिढीतले ते. आणि मुद्दाही बरोबर होता. बेरिंगमध्ये खेळ आला की दातेरी कडी डुलायला लागते, सेन्सरपासूनचं ते मिलिमीटरभर अंतर कमीजास्त होतं आणि बिचारा सेन्सर खरं बोलत असूनही त्याची साक्ष फिरते. बेरिंग गेलेल्या गाडीला लोक नवे सेन्सर घालत बसतात.

मग मल्टिमीटर काढला. पुढच्या डाव्या सेन्सरची वायर जिथं बॉनेटच्या बाजूला जोडलेली असते तो जोड सोडवला आणि मीटर ओहमवर ठेवून दोन पिनांना लावला. हजाराच्या थोडं वर. उजवीकडे लावला, तिथंही तेवढंच. जुन्या पद्धतीच्या सेन्सरात साधारण आठशे ते दोन हजार ओहमच्या दरम्यान काहीतरी यावं. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, म्हणून डाव्या-उजव्याचं जुळतं का हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. मीटर काहीच दाखवेना तर तार तुटली, शून्य दाखवलं तर आतल्या आत चिकटली. मग मीटर एसी व्होल्टवर करून चाक हातानं फिरवलं. आकडे उठले, मिलिव्होल्टमध्ये का होईना. चाक जोरात फिरवलं की वाढत, हळू केलं की उतरत. पेट्रोल नाही, बॅटरी नाही, हातानं फिरवलेल्या चाकातून वीज निघते आहे हे पाहून काकाजी खुर्चीवरून पुढे सरकले.

"लाइट गेल्यावर पंखा चालन का यावर?"

"नाही."

"मंग काय कामाची," म्हणून ते मागे टेकले.

(नंतरच्या काळातल्या गाड्यांत दुसऱ्या जातीचे सेन्सर असतात, त्यांना आधी कंप्युटरकडून वीज द्यावी लागते आणि ते ७ आणि १४ मिलिअँपियरच्या हिशेबात बोलतात. त्यांना ओहमचा मीटर लावून काही कळत नाही, झालं तर नुकसानच होतं. आपल्या गाडीत कोणती जात आहे हे आधी पाहावं, मग पिना टोचाव्यात.)

दोन्ही साक्षीदार चोख बोलत होते. म्हणजे सरळ चाकावर गुन्हा घडतच नव्हता. घटनास्थळ वळणाचं होतं, तर वळण घरीच तयार करायला हवं. काकाजींना स्टिअरिंगवर बसवलं.

"उजवीकडे पूर्ण मारा."

"कोनाच्या उजवीकडे?"

हा प्रश्न त्यांनी आधीपासून जपून ठेवलेला होता, कारण गाडीसमोर उभा राहून डावं-उजवं सांगणाऱ्या माणसाचा त्यांना जन्मभराचा अनुभव होता. बंडीत डाव्या बाजूचा बैल कायम डाव्या बाजूचाच असतो. समोर उभ्या राहिलेल्या माणसासाठी तो बाजू बदलत नाही. मोटारीचंही तेच, डावं-उजवं चालवणाऱ्याचं धरायचं. पण आता ते स्वतःच चालवणाऱ्याच्या जागी बसले होते.

"काकाजी, आता तुमचं नि गाडीचं उजवं एकच आहे."

"हां, मंग ठीक हाय."

त्यांनी स्टिअरिंग मारलं. उजव्या चाकाचा मीटर हलला नाही. डाव्याला मीटर लावला, पुन्हा मारायला सांगितलं. अकराशे, अकराशे, अकराशे, आणि स्टिअरिंग शेवटच्या टोकाला टेकताच आकडा गायब. काकाजींनी थोडं परत घेतलं, अकराशे आले. मारलं, गेले. त्यांना आता मजा यायला लागली होती, थांबा म्हटलं तरी थांबेनात.

चाकामागे वाकून पाहिलं. सेन्सरची वायर बॉडीकडून चाकाकडे जाते तिथं तिला मध्ये रबरासकट एक पकड असते, म्हणजे चाक वळताना वायर ताणली जात नाही. ती पकड कुठंतरी गळून गेली होती. चाक उजवीकडे पूर्ण वळलं की डाव्या चाकाची वायर दोरीसारखी ताठ व्हायची. बाहेरून काळं आवरण धड दिसत होतं, पण चिमटीत धरून चाचपलं तर इंचभर जागा अशी लागली की आत काहीच नाही, नुसती पोकळ नळी. आतली तांब्याची तार तुटून दोन टोकं एकमेकांना टेकून होती. सरळ रस्त्यावर भेट व्हायची, वळणावर ताटातूट.

"म्या काय म्हनलं होतं?" काकाजी खिडकीतून. "वळनाचाच दोष."

चिंचेचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

तार दिसली नसती तर आणखी एक उपाय होता, सरकारी नोकरीतल्या माणसाला चटकन कळेल असा: बदली. डाव्याचा सेन्सर उजवीकडे, उजव्याचा डावीकडे, दोन्ही एकाच मापाचे असले तर. बदलीबरोबर तक्रारही गेली, तर दोष अधिकाऱ्यात. अधिकारी गेला आणि तक्रार तिथंच राहिली, तर दोष टेबलात, म्हणजे वायरमध्ये नाहीतर कडीत.

जुना सेन्सर काढणं हे मात्र वेगळंच प्रकरण. बोल्ट सुटला (नवा पाना आणून), पण सेन्सर आपल्या भोकात गंजून असा बसला होता, की जागा सोडायला स्थगिती आणली असावी. अशा वेळी पकडीनं ओढलं तर वरचं प्लॅस्टिक हातात येतं आणि खालचं आत राहतं. गंज सुटायचं तेल मारायचं, चहा घ्यायचा, उलटसुलट हळूहळू फिरवायचं, पुन्हा तेल, पुन्हा चहा. शेवटी निघाला तेव्हा त्याच्या टोकावर लोखंडाची बारीक भुकटी केसांसारखी उभी होती. ब्रेकची डिस्क झिजते, तिचा कीस चुंबक गोळा करत बसतो. हा कीस फार साचला किंवा काळी माती दातांच्या खाचांत घट्ट बसली की संकेत कमजोर होतो. मग वेग कमी झाल्यावर तो आधीच मरतो, कंप्युटरला वाटतं चाक अडकलं, आणि दत्त चौकात गाडी थांबता थांबता शेवटच्या दोन हातांत ब्रेकचं पेडल पायाखाली कर्रर्र करतं. तुमच्या गाडीत असं होत असेल तर आधी फडकं घेऊन पुसून पाहा. यवतमाळात सेन्सर स्वस्त नाहीत, फडकी स्वस्त आहेत.

आमचा सेन्सर वायरसकट एकसंध यायचा, तो नागपूरहून मागवला. एक मिस्त्री म्हणाला होता की तारेला झाळ मारून देतो. पण जी तार दर वळणाला वाकते तिच्यावरची झाळ फार टिकत नाही. झाळीशेजारची तार पुन्हा तुटते. नवी वायर बसवली, दोन्ही बाजूंना पकड लावली, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून वायर ताणत नाही ना ते पाहिलं. गंजातले नट मोजून परत लावले. आईनंही मोजले.

राहिली परीक्षा. धामणगाव रोडला सकाळची रिकामी जागा पाहून, मागंपुढं कोणी नाही याची खात्री करून, गाडीची एक बाजू कडेच्या मुरमावर घेतली. काकाजी मागच्या सीटवर वरची कडी दोन्ही हातांनी धरून बसले. ताशी तीसच्या आसपास ब्रेक जोरात दाबला. पेडल पायाखाली थडथड थडथड उसळलं, खालून खर्रर्र आवाज आला, चाकं अडकली नाहीत, गाडी सरळ रेषेत जाऊन थांबली. दिवा नाही. एबीएस अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चालली होती. मी आनंदानं मागे वळून पाहिलं.

काकाजींचा चेहरा पडला होता.

"ब्रेक मोडला ना बावा!"

"मोडला नाही काकाजी, असंच व्हायला पाहिजे. ते ब्रेक सोडतं-धरतं, सोडतं-धरतं."

"सोडतं? ब्रेक मारल्यावर?" त्यांनी कडी अजून सोडली नव्हती. "पयले नुसता दिवा लागत होता, गाडी गुपचूप उभी राहत होती. आता दिवा नाई, अन् खालून जिनिंग चालू झाल्यासारखं करते. तुले ठीक वाटून रायलं हे?"

परत येताना ते पुढच्या सीटवर आले नाहीत. संध्याकाळी दूध आणायला गेलो तर डेअरीवाल्यानंच विचारलं, "काय भाऊ, घरी खोलून चांगला ब्रेक खराब केला म्हनते?"